निळ्या रेषेच्या आत

बँकेतल्या बाईंनी नकाशा माझ्याकडे फिरवला.
पंचगंगा वाकते तिथे एक निळी रेषा,
आणि रेषेच्या आत, पेन्सिलीच्या टोकाएवढं,
आमचं घर. बी विंग, तिसरा मजला,
कसबा बावड्याच्या अलीकडे.

"दर साडेआठच आहे हो आमचा," त्या म्हणाल्या,
"पण या जागेवर कर्ज नाही बसत."
"आम्ही घेतलं तेव्हा ही रेषा नव्हती."
"असेल," म्हणत त्यांनी माझी फाईल पुढ्यात सरकवली,
काठोकाठ भरलेला चहाचा कप सरकवावा
इतक्या जपून.

तिसऱ्या मजल्यावर पाणी कधी आलंच नाही.
पार्किंगमध्ये आलं, जिन्याच्या सहा पायऱ्या चढलं,
चार दिवस राहिलं
आणि भिंतीवर तपकिरी रेघ ठेवून निघून गेलं.
पाणी उतरलं.
कंपनीचे पावणेचौदा टक्के उतरले नाहीत.

एकोणीस लाख घेतले होते.
सात वर्षांत साडेएकोणीस लाख भरून झाले.
मुद्दल फिटलं दोन लाख बारा हजार.
मी हे तीनदा मांडलं, तिन्ही वेळा तेच आलं.
शहाजी शिरोलीच्या फौंड्रीत असतो, पॅटर्न शॉपला.
वही बघून म्हणाला,
"लोखंड तरी गार झालं की साच्यातनं निघतं."
आणि जेवायला बसला.

सल्ले फुकट मिळाले.
विका, म्हणाले दाजी.
गडहिंग्लजचं एक गिऱ्हाईक आलं, ओटा आवडला त्यांना,
मग त्यांच्या बँकेनंही तोच नकाशा उघडला.
भाड्यानं द्या, गारगोटीला जाऊन राहा.
भाडं नऊ हजार, हप्ता तेवीस.
भरूच नका, काय करतात बघू की!
हे सांगणाऱ्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

शेवटी राजारामपुरीतल्या ऑफिसला मीच गेले.
काउंटरवर आवटी नावाचा पोरगा,
मान वर न करता म्हणाला,
"जुन्या ग्राहकाला दर कमी करून मिळतो.
अर्ज आहे. फी लागते."
"सात वर्षांत कुणी सांगितलं नाही हे?"
"तुम्ही विचारलं नाही."

मी विचारलं नाही.
भाजीवाल्याकडं कोथिंबिरीच्या काडीसाठी हुज्जत घालणारी मी,
ब्लाउजच्या शिलाईतले दहा रुपये न सोडणारी मी,
त्या काचेपुढं सात वर्षं
नुसती पासबुक धरून उभी.

फी नऊ हजार चौऱ्याहत्तर.
त्यावर भिशीचे दीड लाख. ओव्हरलॉक मशीन घेणार होते त्यातून,
पुढं गाळा वगैरे. ते सगळं मुद्दलात टाकलं.
आवटीनं विचारलं, "हप्ता कमी करू का मुदत?"
शहाजीनं माझ्याकडं बघितलं. त्याला हप्ता हवा होता,
गुडघे दुखतात त्याचे, ओव्हरटाइम होत नाही.
मी म्हटलं, "मुदत."
घरी येईपर्यंत तो बोलला नाही.

साडेबारा झाले. म्हणजे काही सुटलो नाही.
पण त्रेचाळीस हप्ते गळाले,
आणि पुढच्या पावतीवर मुद्दलाच्या रकान्यात
पहिल्यांदा सात हजारांचा आकडा आला.
शहाजीनं चष्मा लावून वाचला. परत वाचला.
मग म्हणाला, "मशीन हप्त्यावर घेऊया का?"
हसावं का मारावं कळेना.

खाली पार्किंगमध्ये निसार मुल्लाणी भेटला, पहिल्या मजल्यावरचा.
त्याचे चौदा टक्के.
अर्ज असतो हे त्यालाही माहीत नव्हतं.
वर पळाला, चप्पल लाइनीतल्या दुकानाच्या पिशवीतून कागद घेऊन आला.
मग ए विंगच्या कडोलकर काकू आल्या,
मग अजून दोघं, ज्यांची नावंही मला येत नव्हती.
स्कूटरच्या सीटवर कागद पसरून
मी लिहीत गेले : विषय, व्याजदर कमी करून मिळणेबाबत.
"आणि नाही म्हणाले तर?" निसार.
"परत विचारायचं. लेखी. पोच घ्यायची."
तिसऱ्या अर्जाला पेन वाळलं.
कमरेएवढ्या त्या तपकिरी रेघेला टेकून
कुणीतरी खिसे चाचपत होतं.